मागची भिंत

सोमवार, ता. ४

पोचलो एकदाचा! बायकोनं ही वही बजावून दिली आहे. रोजचं काम रोज लिहायचं, कारण काल काय कालवलं ते मला आज आठवत नाही. धंद्यात मला सगळे थिगळ म्हणतात. होड्या, पाण्याच्या टाक्या, जिथे फायबर फुटेल तिथे मी हजर. मोटारघर मात्र पहिलंच.

काय गाडी आहे! तीस वर्षांची म्हातारी, शेडमध्ये विटांवर टेकवलेली. आत पलंग, शेगडी, बेसिन, फुलाफुलांचे पडदे. बाहेरून पांढरीशुभ्र, पण हातोडीनं टकटक करत फिरलो तर निम्म्या भिंती भद्द वाजल्या. बडा घर पोकळ वासा.

मालक गुरांचे डॉक्टर, आता निवृत्त. बोलतात इतकं हळू की गाय दचकू नये. त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. सत्तरीच्या असतील, पण माझं वेल्डिंगचं मशीन एका हातानं उचलून आत ठेवलं. म्हटलं, अक्का, मग मला कशाला बोलावलं? हसल्या नाहीत.

शेडमध्येच माळ्यावर खोली दिली आहे. गजांच्या खिडकीतून खाली थेट गाडीची पाठ दिसते, वाकलं तर पुढची खिडकीही. आसपास एक घर नाही. झकास झोप लागणार.

बुधवार, ता. ६

डावी भिंत सोलली. फायबर संत्र्याच्या सालीसारखं निघालं. आत चौकोनी पाइपांचा सांगाडा, पण बोटानं दाबला तर बिस्किटासारखा चुरतो. कुजलेले सहा पाइप कापून नवे जोडले.

डॉक्टर स्टूल टाकून बघत बसतात. आज आपणहून बोलले. अकरा वर्षांपूर्वी ते आणि त्यांची बायको ही गाडी घेऊन कायमचे फिरतीवर निघणार होते. आदल्या दिवशी ते एका अडलेल्या गाईसाठी गेले आणि परतले तर बायको नाही. अक्कांनी सांगितलं, बॅग भरून निघून गेली. आता गाडी झाली की तिला शोधायला जायचं म्हणतात. या वयात! माझे डोळे भरून आले. फायबरची कुसळं गेली, असं सांगितलं.

अक्कांनी मात्र बजावलंय की मागच्या भिंतीला हात लावायचा नाही. तिच्याआड पाण्याची टाकी आहे आणि ती ठणठणीत आहे. म्हटलं, अक्का, गंज काय विचारून पसरतो?

शुक्रवार, ता. ८, दुपारी

गाडी बाहेरून मोजली, आतून मोजली. मागे दीड फूट कमी भरतं. टाकी म्हणावी तर नळ नाही की नळी नाही.

अक्का बाजारात गेल्या तेव्हा मागे जाऊन भिंत घासली. रंगाखाली कोणा अडाण्याचं काम. फायबर चिकटवायच्या रेझिनमध्ये ब्रशचे केस अडकलेले, सात थर चढवलेले. कारागीर तीन थर देतो. सात थर लपवणारा देतो.

ग्राइंडरनं दाराएवढा तुकडा कापला. आत जुना फोम. फोममध्ये निळ्या स्वेटरची बाही. बाहीत हाड. कवटी एका बाजूनं अंड्यासारखी आत गेलेली.

कापलेला तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला ओरखडे आहेत, खालून वर, शेकड्यांनी. एकात अख्खं नख रुतलेलं. म्हणजे भिंत बंद केली तेव्हा बाई जिवंत होती.

पाचावर धारण बसली आहे. पण डॉक्टर पायरीवर बसून चहा पितायत. नवऱ्याला सांगायलाच हवं.

शनिवार, ता. ९, सकाळी

डाव्या हातानं वही धरवत नाही. मनगट मोडलंय.

काल डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बाही हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "हा स्वेटर मीच आणला होता." मी पोलिसांना फोन लावायला घेतला. त्यांनी तो मागितला, ऐरणीवर ठेवला आणि माझ्या हातोडीनं चुरा केला. मग दाराशी जाऊन बहिणीची वाट बघत उभे राहिले.

अक्का आल्या. डॉक्टरांनी एकच विचारलं, "तू?"

"मीच," अक्का म्हणाल्या. "आई गेल्यावर तुला मी वाढवला. ती तुला घेऊन जाणार होती. मी मागं काय भिंती बघत बसू?"

डॉक्टरांच्या हातोडीचा पहिला घाव अक्कांच्या डाव्या खांद्यावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. दुसरा मी अडवला, तो माझ्या मनगटावर आला. तिसरा अक्कांच्या गुडघ्यावर. डॉक्टरांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. गुरांच्या दोरानं अक्कांना बांधलं आणि मला वर कोंडलं.

आज सकाळी डॉक्टरांनी बायकोची हाडं गोळा केली. एकेक पुसली, घोंगडीत बांधली आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला.

आता मला म्हणतात, मिस्त्री, मागची भिंत पुरी करा. आत अक्का राहील. जसं तिनं माझ्या बायकोला ठेवलं तसंच, जिवंत.

शनिवार, दुपारी

केलं. मी केलं.

हातोडी सारखी माझ्या कानाशी होती. नाही म्हणालो तर एक करंगळी गेली. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

पण एक केलंय. रेझिन घट्ट होतं ते हार्डनरमुळे. तो पडला नाही तर रेझिन महिनाभर चिकटच राहतं. दिसायला हार्डनर पाण्यासारखा. डॉक्टर दोर आणायला वळले तेव्हा बाटली रिकामी करून त्यात पाणीच भरलं. त्यांनीच ते स्वतःच्या हातानं मोजून ओतलं.

फायबरची मॅट चढवताना अक्कांच्या हाताची गाठ सैल केली. कानात म्हटलं, "दम धरा, हे वाळणार नाही."

तोंडात बोळा होता. डोळ्यांनी हो म्हणाल्या.

खुनी आहे ती. ठाऊक आहे मला. पण माणूस भिंतीत चिणायचं —

पुन्हा वर कोंडलंय. बाहेरून कडी.

रविवार, सकाळी

भिंत तशीच. ओली, चकाकती. रात्रभर आतून काही नाही. मेली असेल. मीच —

डॉक्टर आले. भिंतीवर बोट टेकवलं. बोट बघतायत. दोन बोटं चोळली, तार सुटली.

वर बघतायत. माझ्याकडे.

हातोडी घेऊन जिन्याकडे — त्यांच्यामागे भिंत फुगली — ओल्या कापडासारखी फाटली —

अक्का. केसांत, तोंडावर रेझिन. डावा हात लोंबतोय. खालचा लोखंडी पाइप उचलला.

मानेवर. खाली पडले. मग डोक्यावर, डोक्यावर — पहिल्या तीन घावांना मीच वरून ओरडलो, मारा अक्का, मारा! देवा, हे मी ओरडलो. नऊ घाव. चेहरा असा उरलाच नाही.

फरफटत पुढे गेली. काच फुटली. सीटवर घाव घालतेय. हाडांवर. अजूनही पोट भरलं नाही तिचं.

थांबली.

हाक मारली. अक्का, कडी काढा, मी थिगळ, मी वाचवलं तुम्हाला —

वर बघितलं. "आले हं, मिस्त्री." मायेनं, लेकराला म्हणावं तसं.

जिना वाजतोय. एक पायरी, मग पाइप. एक पायरी, मग पाइप. पाइप कशाला — कडी काढायला पाइप कशाला —

पाहिलेला माणूस आता मी एकटाच —

पलंग दाराला लावला. एका हातानं सरकत नाही नीट. अक्का, मी कुणाला सांगणार नाही, बायकोची शपथ —

कडी निघाली. दार —