वाकडीच्या काठावरून

बाभुळगाव, रविवार संध्याकाळ

प्रिय वैषू,

पाकिटातून जे खडखडत पडलं असेल ते उचलून बाजूला ठेव आणि आधी हे वाच. आपलं नऊडागी पुन्हा सुरू झालं! खरंच झालं. मी आत्ताच गॅरेजमधून आलेय, हाताला अजून खडू आहे, समोरचा चहा गार झालाय आणि मला एका जागी बसवत नाहीये. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो का, छान" म्हणून विषय बदलला असतास. ग्रुप तर तू केव्हाच सोडलास. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही, गप ऐकावंच लागेल. कारण खेळ सुरू तर झालाय, पण नकाशावरच्या वाकडी नदीपाशी येऊन अडलाय, आणि तो सुटला नाही तर कायमचा बंद पडेल अशी मला भीती वाटतेय.

आधी नवे खेळाडू. एक आमची नाजिया भाभी, अब्रारभाईची बायको. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात अब्रारभाई जेवता जेवता सहज म्हणाला की तमन्नानं, म्हणजे मी, एकदा खेळात रागाच्या भरात अख्खं गाव बुडवलं होतं. बिचारीचा घास हातातच राहिला. मग तिला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि ऐकता ऐकता तिचे डोळे असे चमकायला लागले की मी म्हटलं, चला, एक गिऱ्हाईक मिळालं. घरात जिचा आवाज निघत नाही ती खेळात अट्टल चोर झालीय. राजवाड्यातला खजिना सोडून तिनं काय पळवलं, तर पहारेकऱ्यांच्या चपला! मग पाठलाग करणार कोण?

दुसरी साधनाताई, राळेगाव गाडीवरची कंडक्टर. स्कूटी दाखवायला आली होती. फरशीवरचा तुझा नकाशा बघून म्हणाली, "हा कोनता डेपो वं?" मी सांगितलं की ताई, हे एक जग आहे, इथं तुम्हाला हवं ते होता येतं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग मले बसून राहनारी बाई कर. दिवसभर उभीच असतो मी." तर आता आपल्याकडे एक राणी आहे जी सिंहासनावरून उठतच नाही. चार पैलवान तिला सिंहासनासकट उचलून नेतात. परवा पंखवाल्या रोह्यांचा, आपल्या त्या नीलगाईंचा, कळप चालून आला, तर बाईनं बसल्या बसल्या छत्रीनं हाणून पळवला. मी हसून हसून खुर्चीवरून पडले गं.

आणि हसता हसता मला आपला पहिला दिवस आठवला. अब्रारभाईनं नागपूरच्या हॉस्टेलातून हा खेळ आणला होता. एकानं गोष्ट सांगायची, आपल्यात ते काम माझं, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलायचं, आणि अडलं की फासे टाकायचे, बस. त्याच्या पुस्तकात आग ओकणारे ड्रॅगन होते, ते काही आपल्याला झेपेनात. तू म्हणालीस की आपल्याकडे रोही काय कमी धिंगाणा घालतात, त्यांनाच पंख लाव. अब्बाच्या गॅरेजच्या फरशीवर ऑइलचे नऊ डाग होते. तू खडू घेऊन प्रत्येक डागाभोवती किनारा काढलास आणि नऊ समुद्रांचं जग तयार झालं. अब्बा अजून ते डाग पुसू देत नाहीत. गिऱ्हाईकाला सांगतात, "पाय जपून, समुंदर आहे."

फासे मात्र घनश्यामकाकांचे. वीस बाजूंचे फासे बाभुळगावात कुठून मिळणार, म्हणून तुझ्या बाबांनी चिंचोके दगडावर घासून त्यांचे अर्धे करून दिले. पाच अर्धे. पाचही पांढरे पडले तर अशक्य गोष्टसुद्धा झालीच म्हणायची. आणि आपले ते नियम! ज्यानं जे म्हटलं ते त्या जगात झालं, मागे घेता येत नाही. ज्याचं पात्र, त्यानंच त्याच्या तोंडून बोलायचं. तिसरा नियम तू केलास, तो आठवतो का? मला तर तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो.

काका फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन आले होते. डब्यावर बसून ऐकत होते. आपण वाकडीच्या काठावर पोचलेलो, पूल नाही, काही नाही. मागून एकदम आवाज आला, "पोरीहो, कायले घोर करून राह्यल्या? मी आहो ना नावाडी!" तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, तुम्ही खेळात नाही ना," असं तू म्हणालीस खरी, पण त्यांचा पडलेला चेहरा बघून लगेच नियमच बदललास, की या फरशीवर जो असेल तो खेळात. मग दर रविवारी काका हजर. हाक मारली की विचारणार, "कोन आहे अल्याड? खबर काय आनली?" घरची एक ताजी खबर, हेच त्यांच्या नावेचं भाडं. अब्रारभाईनं एकदा शिळी खबर सांगितली तर त्याला अर्ध्या नदीतून परत आणून सोडला होता!

खेळातली तुझी बिजली नकाशेवाली तेवढी पलीकडे जायची राहिली. "आज वावरात जा लागते, पुढच्या रविवारी नेतो तुले," काका म्हणाले, आणि पुढचा रविवार आलाच नाही. मंगळवारी ते वावरात बसले ते उठलेच नाहीत. तेरवीनंतर तू पुण्याला गेलीस. मी चिंचोके डबीत भरून ठेवले. काकांच्या तोंडून बोलायचं कुणी? नियमच तसा होता, आणि नियम नसता तरी माझी जीभ रेटली नसती. नकाशा काढणारीच पलीकडे गेली नाही, म्हणून नदीपलीकडची फरशी आजही कोरी आहे, वैषू. मला काका आठवले की रडू येतं, हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

आज काय झालं ते ऐक. भाभी आणि राणीसाहेब वाकडीवर पोचल्या. भाभीला नावाडी होता एवढंच ठाऊक. तिनं टाळ्या वाजवून मोठ्यानं हाक मारली, "ओ नाववाले!" अब्रारभाई खाली बघायला लागला. मी खेळ इथंच थांबवते म्हणणार, एवढ्यात ट्रॅक्टरखालून आवाज आला. अब्बा पाठीवर झोपून काम करत होते, नुसते पाय बाहेर दिसत होते. "नावाडी कुठी नाही गेला," ते म्हणाले. "पल्याड बसून राह्यला. लेक हाक मारीन तवाच नाव काढीन म्हनते."

पाना पडल्याचा आवाज झाला आणि मग कितीतरी वेळ अब्बा ट्रॅक्टरखालून बाहेरच आले नाहीत. साधनाताईला कुजबुजत सगळं सांगितलं, तर ती अब्बांच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाली, "रहमतभाऊ खेळात हायेत का पन?" फरशीवर जो असेल तो खेळात! अब्बा तर फरशीवर आडवेच होते गं. आणि ते काकांच्या तोंडून बोललेही नाहीत, नुसतं काका कुठे आहेत ते सांगितलं. एकही नियम मोडला नाही. म्हणजे ते झालं. आता मागे घेता येत नाही.

तुझ्या आईकडे, विमलकाकूंकडे, पत्ता घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "तिले त्रास देजो नोको," आणि मी दारात पोचले तर मागून, "पन लिहिजो." म्हणून लिहिलं. भाभीच्या चपला, राणीचं सिंहासन, अब्बांचे समुंदर, या सगळ्या घरच्या ताज्या खबरा आहेत, एकही शिळी नाही. आमचं भाडं समज. पाकिटातून पडले ते काकांचे पाच चिंचोके, ते तुझेच आहेत. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे काठावर बसलेले असू, अब्बासुद्धा, ट्रॅक्टरबाहेर. गाडीनं ये, नाहीतर फोन लाव, मी तो फरशीवर ठेवीन म्हणजे तूही खेळात. पलीकडून नाव कशी येते, काका काय विचारतात, ते मी सांगणार नाही. ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तू फक्त हाक मार, वैषू. तुझे बाबा वाट बघताहेत.

तुझीच, खबर घेऊन अल्याड थांबलेली,
तमन्ना