शिशाचं हृदय

सलोनिकी, ४ मार्च

लाडक्या झ्लातिनास, ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे, काळजी नसावी. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, उगाच भीती वाटायची, म्हणून रक्त तपासलं. टीएसएच फार कमी, म्हणजे थायरॉईड जोरात चाललंय. "भीती त्यामुळेच. औषधाने कमी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात आणखी कुणाला असं होतं?"

मी "नाही" म्हणाले.

तुझ्या हातून कॉफी सांडायची तेव्हा "नाटकं पुरे!" म्हणणारी मीच. तुझी भीती उतरवायला गावातल्या म्हातारीकडून वितळलेलं शिसं पाण्यात ओतवलं, ते हृदयाच्या आकारात गोठलं, ते तुझ्या उशाखाली ठेवलं, तेही मीच. डॉक्टरकडे मात्र नेलं नाही गं.

उद्या जाऊन खरं सांगते. तूही रक्त तपासून घे. आई गोळ्या वेळेवर घेते ना?

ते शिसं अजून ठेवलं असशील, तर मी आल्यावर माझ्या हातात दे. बोलू काहीच नकोस, माफ केलंस असं मी समजेन.

तुझी,
दोन्का