नकाशात नसलेला राखणदार

विक्रोळी,
गुरुवार, ९ मे १९८५

कुलभूषण, ग्रामदेवतेच्या दरबारातील अधिकृत वाणी, तीर्थस्वरूप गुणाजीदादा यांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ अनंत याचा नमस्कार. (तो साष्टांग घालण्याचा संकल्प होता, तथापि कटिप्रदेशाने परवापासून असहकार पुकारल्यामुळे उभ्यानेच रुजू करून घ्यावा.) वहिनींचा गुडघा, आपला खोकला आणि काळ्या गाईचा स्वभाव या तिन्ही ठिकाणी सुधारणा असेल, अशी आशा बाळगतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहिले. वस्तुस्थिती अशी की आमच्या नियोजित वास्तूचे काम लेखी आदेशाने थांबवण्यात आले असून, आपला भाऊ त्या आदेशाविरुद्ध दंड थोपटून उभा आहे.

मागील संदर्भ असा. मुलुंड पूर्वेस आम्ही बारा कुटुंबांनी ‘निर्विघ्न सहकारी गृहनिर्माण संस्था’ स्थापन केली. (नाव मी सुचवले, त्यामुळे हल्ली सभेत मान वर करता येत नाही.) चार मजल्यांच्या या वास्तूचा मी चिटणीस. मार्चअखेर कारखान्याने मला शाल, श्रीफळ व टेबलावरचे घड्याळ देऊन सेवामुक्त केले आणि विक्रोळीचे हे क्वार्टर केवळ दिवाळीपर्यंत वापरण्याची मुभा दिली. शेवटचा स्लॅब मृगाआधी पडला तर दिवाळीला आम्ही स्वगृही. न पडला तर पावसाळाभर काम ठप्प, आणि पाडव्याला मी व नलिनी एकतीस वर्षांच्या संसारासह रस्त्याच्या कडेला. या पत्रात एवढेच वाक्य गंभीर आहे. ते ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

कागदपत्रांच्या बाबतीत आपला अनंत किती काटेकोर आहे, हे आपण जाणताच. नकाशा मंजूर, दाखला हाती, जोत्याची तपासणी झालेली. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, त्यांतली एक गादीखाली. नोटीस येण्यास मी तिळमात्र वाव ठेवला नव्हता. जो मी ठेवला नाही, तो आमचा मुकादम लवू याने ठेवला. लवू आपल्याच बाजूचा, कणकवलीकडचा. पहिल्या दिवशी भटजी आले, भूमिपूजन झाले, पेढे वाटले गेले, तरी याची माणसे हाताची घडी घालून उभी. "जागेवाल्याक इचारल्याशिवाय कुदळ मारूची नाय," एवढेच म्हणून त्याने कुंपणालगतच्या उंबराखाली वीतभर उंचीचा एक दगड उभा केला, त्या राखणदारास नारळ दिला, विडी पेटवून पुढ्यात ठेवली. आणि मग काम जे सुरू झाले, ते सव्वा वर्षात एका मजुराचे बोटही चेचले नाही. जागेचा राखणदार संतुष्ट होता. येथवर सर्व शास्त्रोक्त.

अनर्थास आरंभ झाला तो भक्तीमुळे. नलिनीला वाटले, देव उन्हात आहे. उरलेल्या विटांच्या तीन भिंतींची घुमटी झाली. खजिनदारांच्या पत्नी सुलक्षणाबाई (शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून त्यांना हवामान कळते असा समज आहे) म्हणाल्या, पाऊस तिरपा येतो. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा उरलेला माल त्या घुमटीच्या डोक्यावर गेला. मग फरशा, मग जाळीचे दार, मग कुलूप, आणि सरतेशेवटी लाल बल्ब. प्रत्येक टप्प्यास समितीचा ठराव आहे आणि प्रत्येक ठरावाखाली माझी स्वाक्षरी. एप्रिलात स्थिती अशी, की बारा घरांपैकी एकासही दरवाजा नाही, परंतु राखणदारास फरशी, वीज व कडीकुलूप. संस्थेतील पहिला गृहप्रवेश त्याचा झाला.

अशा मंगल वातावरणात महापालिकेच्या कचेरीतले कनिष्ठ अभियंता मधुकरराव तपासणीस अवतरले. वय तिशीच्या आत, शर्ट इस्त्रीचा, वाणी मृदू, चहासुद्धा घेत नाहीत. (भांडणासाठी इतका गैरसोयीचा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.) त्यांनी नकाशावर बोट ठेवले: कुंपणालगत दहा फूट मोकळी जागा. मग तेच बोट उचलून घुमटीकडे वळवले. मी क्षेत्रपालाची संकल्पना वैदिक कालापासून विशद करण्यास आरंभ केला. वीस मिनिटे त्यांनी हात जोडून श्रवण केले आणि म्हणाले, "काका, देव आहे हे मला मान्य आहे. नकाशात नाही, एवढंच म्हणतोय." दुसऱ्या दिवशी नोटीस आली: सदर विनापरवाना बांधकाम हटवेपर्यंत जागेवरील सर्व काम बंद. नकाशात दुरुस्ती करून घेता येईल काय, असे मी विचारले. येईल, म्हणाले, तीन महिन्यांत. मृगास सात आठवडे होते.

मी शरण गेलो, असे आपणास वाटत असेल तर आपण आपल्या कुलाचा अपमान करीत आहात. मी लेखी उत्तर दिले: ‘नोटीस भोगवटादाराच्या नावे आहे. सदर बांधकामाचा भोगवटादार मी नसून राखणदार स्वतः आहेत. सबब ती त्यांच्यावरच बजावण्यात यावी.’ उत्तर बिनतोड होते, आणि बिनतोड उत्तराचा तोटा असा की कचेरीने ते मान्य केले. शिपाई दत्ताराम खळीचा डबा घेऊन हजर झाला. चपला काढल्या, नमस्कार केला, थोडा वेळ डोळे मिटून (बहुधा स्वतःच्या बदलीविषयी) काही पुटपुटला, आणि मजकडे वळून म्हणाला, "देवाच्या भिंतीक खळ लावूक माझो हात जावचो नाय, सायबानू. तुम्ही जरा हयसर उभे ऱ्हवा." आणि ती नोटीस त्याने माझ्या उघड्या छत्रीवर चिकटवली. त्या छत्रीखालून मी सध्या बाजारात जातो. भाजीवाली थांबून वाचते.

तदनंतर सुलक्षणाबाईंनी तोड काढली, की तुळशीवृंदावनास कोणी हरकत घेत नाही. तेव्हा घुमटीस गेरू फासून वर मातीचा थर दिला आणि सभोवार सात तुळशी लावल्या. मधुकरराव आले, प्रदक्षिणा घातली, म्हणाले, "छान झालंय. फक्त तुळशीला कुलूप कशाला, काकू?" सुलक्षणाबाईंनी तत्काळ विषय तिरप्या पावसाकडे वळवला, हे इतिवृत्तात नोंदवून ठेवले आहे.

अखेर सर्वसाधारण सभेने अकरा विरुद्ध एक मतांनी (एक म्हणजे मी) दगड हलवण्याचा ठराव केला. हलवणार कोण, असा प्रश्न येताच एकास सुतक निघाले, दुसऱ्यास हर्निया, तिसरे नास्तिक होते ते म्हणाले, माझ्या हातून पावित्र्यभंग होईल. लवूस सांगितले, तर तो म्हणाला, "पायो खणतलंय, डोंगर फोडतलंय, पण कौल घेतल्याशिवाय तेका हात लावचंय नाय." म्हणजे हलवल्यावाचून कचेरी काम करू देत नाही, आणि देवाने होकार दिल्यावाचून मजूर हलवू देत नाहीत. देवाचा कौल लावणारा भांडुपचा एक जाणता आणला. ओल्या पाकळ्या दगडावर लावल्या: उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. चार तास बसलो. दोन्ही जागच्या जागी. प्रकरण विचाराधीन!

तेव्हा दादा, माझा निर्धार ऐकावा. मी वाकणार नाही. स्लॅबसाठी ठोकलेल्या सेंटरिंगच्या फळ्या उन्हात वाळून वाकल्या, मी वाकणार नाही. ज्याने सव्वा वर्ष आमची माणसे सांभाळली, त्यास दहा फुटांच्या हिशेबापायी हाकलणे हा कृतघ्नपणा माझ्या हातून होणे नाही. मग दिवाळीचे कंदील मी छत्रीच्या काडीला टांगीन. वडील मंडळींस नमस्कार, लहानांस धाक.

आपला दंडधारी बंधू,
अनंत

ता. क. १ : आपण येत्या एस.टी.ने निघून रविवारपर्यंत यावे. गावच्या देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान आपल्या घराण्याचा. राखणदार आपला शब्द ऐकेल. गाऱ्हाणे असे घालावे की उजवीकडे पडण्यावाचून पाकळीस गत्यंतर उरू नये. (तत्त्व अढळ आहे, स्लॅबदेखील तत्त्वच आहे.)

ता. क. २, सोमवार : तिकीट नसल्याने पत्र पडून राहिले, ते बरे झाले. शनिवारी सकाळी नलिनी मला न सांगता मुलुंडला गेली. लवू सांगतो, तिने कुलूप उघडले, पदर सावरून समोर बसली आणि घरच्या माणसाशी बोलावे तशी म्हणाली, "चला हो आमच्याकडे. घर झालं की तुमचं तुम्ही ठरवा. ह्यांची ताठ मान किती दिवस बघणार तुम्ही?" आणि पाकळी पडली. कोणत्या बाजूची, ते तिने पाहिले नाही. दगड पिशवीत घालून बसने घरी घेऊन आली. रिकामी घुमटी लवूने पाव तासात उतरवली. आज मधुकररावांनी येऊन पाहिले, आदेश मागे घेतला, आणि प्रथमच चहा घेतला. गुरुवारी स्लॅब. आपण येण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. ३ : तथापि एक अडचण उरली. राखणदार सध्या आमच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी आहेत. आज वसाहतीचे पर्यवेक्षक आले, दिवा पाहिला, म्हणाले, क्वार्टरमध्ये देवस्थान मांडण्यास मनाई आहे, उद्या नोटीस काढतो. मी छाती काढून सांगितले की हे देवस्थान नव्हे. आमचे नातेवाईक दिवाळीपर्यंत मुक्कामास आले आहेत. नातेवाइकांस परवानगी आहे, फक्त कुटुंबप्रमुखाने (आपल्या कुळात ते आपणच) भरलेला अर्ज लागतो. तो सोबत जोडला आहे. नाव, वय व नाते असे तीन रकाने आहेत. नाव मला ठाऊक नाही, वय कोणासच नाही; नात्याच्या रकान्यात ‘वडीलधारे’ असे लिहून, दादा, उलट टपाली सही करून पाठवावे.