बुधवारचा निर्जळी उपास

ती. चित्राताईस,

रवीचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी निम्मी अंगं मनानेच टेकवली आहेत, खुर्चीत बसून). तुझी कंबर आता कशी आहे? वाईला थंडी पडायला लागली असेल, तेव्हा पहाटे घाटावर जाऊन ती पुन्हा धरून घेऊ नकोस. कृष्णामाई कुठे पळून जात नाही. इकडे डोंबिवलीत रचनाचं पित्त, माझा गुडघा आणि आमच्या गल्लीतलं खोदकाम, तिन्ही जिथल्या तिथे आहेत.

पत्र बघून दचकली असशील. फोन असताना पत्र कशाला, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि जे घडलंय ते अर्ध्या वाक्यात मावणारं नाही. शिवाय तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसतेस आणि शेजारणी ऐकतात. हे शेजारणींनी ऐकण्यासारखं नाही. तू एकटीनेच वाच, बसून वाच, आणि मध्येच चष्मा काढून "हा रव्या ना" असं म्हणू नकोस. शेवटी एकदाच म्हण.

विषय आपल्या शौनकचा आहे. भाऊजी गेल्यावर त्याच्या लग्नाचं बघणं मामा म्हणून माझ्याकडे आलं. त्याने मुलगी स्वतःच पसंत केली, त्याच्या ठाण्यातल्या माजिवड्याच्या ऑफिसातली भाविका, कल्याणच्या खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. फोटोत ती तुलाही आवडली. (जातीचं तू काही बोलली नाहीस, फक्त चार दिवस कोणाशीच बोलली नाहीस. मग म्हणालीस, पोराचं सुख ते आपलं सुख. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मी तुझ्यावर थोडा चिडणार आहे.) मग तू मला फर्मावलंस की जाऊन घर बघून ये. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, सोयरीक ठरेपर्यंत त्यांच्याकडे जेवायचं नाही हं रवी, आपल्याकडे पद्धत आहे, चहा घे, फार तर पोहे. हे तुझं वाक्य धरून ठेव.

नवरात्र संपल्यावरच्या बुधवारी मी निघालो. पत्रीपुलावर रिक्षा अडकणार हे गृहीत धरून लवकर निघालो, तर नेमका रस्ता मोकळा, त्यामुळे फारच लवकर पोहोचलो. म्हटलं, आलोच आहे तर दुर्गाडी किल्ला बघून घेऊ. आयुष्यभर शाळेत पोरांना कल्याण बंदर शिकवलं, महाराजांनी इथे आरमाराची जहाजं बांधली हे फळ्यावर लिहून लिहून खडू संपवले, पण ताई, खरं सांगतो, इतकी वर्षं खालच्या पुलावरून नुसता जा-ये करत होतो, वर चढलो कधी नव्हतो. वरून खाडी दिसली. भरतीचं पाणी चढत होतं, खाली गणेश घाटाच्या बाजूला दोन होड्या उपड्या घालून ठेवल्या होत्या आणि पलीकडे टॉवर. एवढं जुनं गाव, एवढी खाडी, आणि आम्ही डोंबिवलीकर तिच्याकडे पाठ करून बसलेले! मला एकदम भरून आलं. हे भरून येणंच नडलं, कारण त्या भरात मी भाविकाच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना, सखारामदादांना, त्यांच्याच खाडीचा इतिहास अर्धा तास सांगितला. माणूस खाडीत लहानाचा मोठा झालेला. आता खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही म्हणून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आणून खानावळींना पुरवतो. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधून मधून "हां सर, हां सर" म्हणत. सभ्यपणा म्हणजे काय ते तिथे बघावं.

घर छोटं, लख्ख. पुढच्या खोलीत देव्हारा, एकवीरा आई, शेजारी भाविकाचे शाळेतले कप. भाविकाची आई केशरबाई, खणखणीत आवाजाची बाई, आणि माझ्याशी बोलताना मात्र आवाज मुद्दाम खाली आणत होत्या, जसं काही मी आजारी आहे. चहा आला. मी घेतला. पोह्यांची वाट बघतोय, तर पोह्यांचं नाव नाही. मग पडद्याआडून मला स्वयंपाकघर दिसलं. वालाचं बिरडं, अळूवड्या, तांदळाच्या भाकऱ्या, खीर. सगळं बिनकांद्याचं, बिनलसणीचं. भांडी कोरी करकरीत, ताटाच्या पाठीवर दुकानाचं स्टिकर तसंच. स्वतःच्या शेगडीवर मासळी होते म्हणून शेजारणीकडून नवी शेगडी मागून आणलेली, भाविका हळूच सांगत होती. त्या बाईने दोन दिवस घरात मासळी शिजवलेली नव्हती, माझ्यासाठी! आणि केशरबाई म्हणाल्या, "सर, आता जेवालाच बसा. तुम्हाला चालंल असाच केलाय सगला."

आता माझी अवस्था बघ. एकीकडे तुझं वाक्य. दुसरीकडे बिरडं. त्यात शेजारच्या घरात कोणीतरी बोंबील तळत होतं आणि तो वास खिडकीतून सरळ माझ्याकडेच येत होता. (इथे तुला एक सांगायला हवं. मी बाहेर मासे खातो. रचनाला माहीत नाही. पुढे वाच.) मी सरळ म्हणायला हवं होतं की बाई, आमच्याकडे ठरेपर्यंत जेवत नाहीत, राग मानू नका. पण ते स्टिकर बघून माझी जीभच उचलेना. मग मी काय केलं असेल? मी म्हणालो, आज माझा उपास आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. केशरबाई म्हणाल्या, बुधवारचा उपास कोणाचा वो? मी म्हणालो, बुधाचा. त्या म्हणाल्या, मग साबुदाणा भिजवते. मी म्हणालो, साबुदाणा चालत नाही. रताळं? नाही. केळं, दूध? शेवटी तोंडातून निघून गेलं की उपास निर्जळी आहे. माझ्या हातात चहाचा रिकामा कप होता, ताई! सखारामदादांनी त्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं की निर्जळी दुपारी बारानंतर लागते. घड्याळात एक वाजून गेला होता.

केशरबाई उठल्या. पडदा ओढून आत गेल्या. भाविका मला दारापर्यंत सोडायला आली, हसली, पण ते हसणं शाळेत नापास झालेल्या मुलीचं होतं. आणि मी तिथून अक्षरशः पळालो, इतका की चष्मा तिथेच विसरलो.

भूक लागली होती गं. सकाळपासून पोह्यांच्या आशेवर काही खाल्लं नव्हतं. नाक्यावर एक खानावळ दिसली आणि बोंबलाचा तो वास डोक्यातून गेलेला नव्हता. मी आत शिरलो. बोंबील मागवले, मग कोलंबी, मग आणखी एकदा भात. चष्मा नसल्यामुळे ताटात वाकून खात होतो. मान वर केली तर समोर सखारामदादा. हातात माझा चष्मा. बिचारे गल्लीपासून, आमचा पावणा दिसला का, असं विचारत आले होते. मालक मोठ्या कौतुकाने त्यांना म्हणाला, दादा, तुमचा पावणा काय, दुसऱ्यांदा भात घेतलाय! (खानावळीला मासळी सखारामदादाच पुरवतात. मी खात होतो तो बोंबीलही त्यांनीच आणलेला.)

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्म्याची घडी उघडली, उपरण्याने पुसला, माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "सर, सावकाश जेवा. काटं हायत." आणि गेले.

ताई, मी चाळीस वर्षं वर्गात पोरांना उभं करून बोललो, पण इतकं कोणी कोणाला बोललेलं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शौनक घरी आला, बूटही न काढता दारात उभा राहिला. म्हणाला, मामा, भाविकाची आई म्हणते की खानावळीतली मासळी चालते, आमचे घरान केलेलं बिनकांद्याचं चालत नाही, म्हणजे मासळीचं कारण नव्हतं, आमच्या हाताचं होतं. भाविकाचं म्हणणं, मला तुझ्याशी भांडण नाही, पण ज्या घरी माझ्या आईच्या हातचं चालत नाही तिथे मी कशी नांदू? आणि तिने लग्नाचं थांबवलंय. पोरगा रडला नाही, पण डोळे लाल होते. मी त्याला पद्धतीचं सांगायला लागलो तर म्हणाला, ही पद्धत त्यांना आधी कोणी सांगितली होती का? बरोबर होतं त्याचं.

मी सखारामदादांना फोन केला. म्हणाले, चालतंय हो सर, मनावर घेऊ नका. ते "चालतंय" ऐकून मला झोप लागली नाही. मग मी परत गेलोही. गणेश घाटापर्यंत गेलो. केशरबाई घराबाहेर उन्हात सुकट पसरत होत्या. मी घाटाच्या पायरीवर बसून राहिलो, पाणी ओहोटीला लागलं, चिखल दिसायला लागला, आणि मी तसाच परत आलो. मला धीर झाला नाही. एवढा इतिहास शिकवला, तोंड उघडून माफी मागता आली नाही.

मला फार वाईट वाटतंय गं. इतक्या आदराने माझ्यासाठी आजवर कोणी रांधलं नव्हतं, आणि त्याच घरात मी खोटं बोललो. तेही चहा पिऊन.

तुझ्या तुळशीला आणि (ऐकत असतीलच तर) शेजारच्या मंडळींना नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा,
रवी

ता. क. : आता खरं ते. तू ये. या रविवारी वाईहून निघ आणि कल्याणला केशरबाईंकडे जाऊन जेव. सोयरीक ठरली की जेवायचं, ही आपली पद्धत. इथे जेवल्याशिवाय सोयरीक ठरणार नाही. मी जाऊन उपयोग नाही, माझ्या तोंडावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. मुलाची आई बसली पाहिजे.

ता. क. २ : माशांचं रचनाला सांगू नकोस. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण नको म्हणालो, तेव्हा तिलाही बुधाच्या उपासाचं कारण सांगितलं. तिने ते मनापासून मानलं आणि आता दर बुधवारी मला पाणीसुद्धा देत नाही. परवाचा बुधवार फार जड गेला.

ती. वन्संना, रचनाचा सा. न. पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. ह्यांच्या माशांचं मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे, शर्ट मीच धुते. बुधवारचा उपास ह्यांचा चालूच राहील, तुम्ही मध्ये पडू नका.

मी काल कल्याणला जाऊन आले. केशरबाईंनी मला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. मग मी सरळ आत जाऊन जमिनीवर बसले आणि म्हटलं, भूक लागलीय. जेवले. मला त्यांनी घरातल्या रोजच्या ताटात वाढलं. नवी भांडी फळीवर पालथी घालून ठेवली आहेत, स्टिकरसकट. ती म्हणे मुलाची आई आली तर तिच्यासाठी. वन्सं, मी त्यांना सांगून आले की ती भांडी खाली काढा, घरात वापरायला घ्या, मुलाची आई तुमच्याच ताटात जेवेल. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

शब्द मी देऊन आलेय. जेवायचं तुम्हाला आहे.