सोडून दिलेलं जहाज

३ एप्रिल
प्र.चा फोन. जेमतेम दोन मिनिटं. जहाज अजून बंदराबाहेरच नांगरलेलं. मालक गायब, पासपोर्ट कप्तानाकडे, उतरायची परवानगी नाही. टाकीतलं गंजाचं पाणी फडक्यानं गाळून पितात. लघवी चहासारखी होतेय, हे असंच बोलता बोलता. मी नर्स आहे हे नवरा विसरला की काय. 

४ एप्रिल
सासूबाईंना समजावत बसले. जहाजाची नोंदणी, म्हणजे झेंडा, एका बेटाचा, मालक दुसऱ्या देशातला, बंदर तिसऱ्याचं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.
"आन् वरची मानसं कुणाची गं?"


७ एप्रिल
जहाजावरच्या आचाऱ्याची बायको, रुकसाना, चितगावहून बोलली. मोडकं हिंदी. जिनिव्हात कार्यालय आहे म्हणे, सगळ्या देशांनी मिळून चालवलेलं. खलाशांची तक्रार तिथं नोंदली की झेंडेवाल्याला आणि बंदरवाल्याला जाब द्यावा लागतो. पण घरच्यांच्या सह्या हव्यात, नावानिशी.
"दीदी, अकेली मेरी सही से क्या होगा?"

८ एप्रिल
प्र.ला या जहाजावर लावून देणाऱ्या एजंटला तक्रारीचं कुठून कळलं? ड्यूटीवर असतानाच फोन. आवाज गोड. "मॅडम, तक्रारीत नाव गेलं की कुठलंच जहाज घेणार नाही त्यांना. आणि ते अजून तिकडंच आहेत, एवढं लक्षात ठेवा."
औषधांचा ट्रे खाली ठेवला. 
प्र.ला विचारावं म्हणून तीनदा फोन. बंद.

९ एप्रिल
सही केली. त्याला न विचारता. सात रस्त्याजवळच्या सायबर कॅफेतून पाठवली. सासूबाई मागं लागून आल्या. "माजं बी नाव लिव की. आई हाय मी त्याची." अक्षर अक्षर जोडत सही केली. 

१४ एप्रिल
जयंती. गल्लीत निळे झेंडे, जेवणाची पंगत. जिनिव्हाचं उत्तर आलं: तक्रार नोंदली, दोन्ही देशांना पत्रं गेली. वाचून रडले.
संध्याकाळी प्र. "कुणाला विचारून केलंस तू हे?" चिडला नव्हता. घाबरला होता. मी काही बोलायच्या आत लाईन कट.

१७ एप्रिल
रुकसानाचा फोन. सकाळी बंदराची बोट आली. पाण्याचे कॅन चढवले. आणि दोघांना खाली उतरवून नेलं, तिच्या नवऱ्याला नि प्र.ला. ज्यांच्या घरून सह्या गेल्या, तेच दोघं.
दवाखान्यात? की चौकीत? तिला माहीत नाही. एजंट उचलत नाही. जिनिव्हाची बाई इंग्रजीत सावकाश म्हणाली, बंदराकडे विचारणा केलीय, उत्तराची वाट बघतोय.
सासूबाई दारात उभ्या. सांगितलं, डॉक्टरकडे नेलंय त्याला.
एरवी "देवानंच ऐकलं म्हनायचं," म्हणाल्या असत्या. आज नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तू खरं बोलतीस नव्हं?"
व्हय म्हणाले.