डोळ्यातल्या रक्ताचा वेग

शिरगाव, बदलापूर पूर्व

प्रिय कोंडाजी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन केला तर उचलणार नाहीस, आणि पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून नात जिज्ञासाच्या हाती देतोय. नऊ वर्षांनी धाकट्या भावाला लिहायचं, तर काय म्हणशील या धास्तीनं दोन कागद फाडले. ओळी वाकड्या गेल्या असतील. उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही.

मला काचबिंदू आहे. उल्हासनगरच्या दवाखान्यात डोळ्याच्या पडद्यातलं रक्त किती वेगानं वाहतं, ते उजेडानं मोजणारं यंत्र आलंय. सुई नाही, काही नाही. हनुवटी टेकवायची, ठिपक्याकडे बघायचं, चार सेकंद पापणी हलवायची नाही. पण मी पडलो पाण्याचा चावीवाला. अंबरनाथला तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले. दाब वाढला की शेवटच्या चाळीपर्यंत पाणी पोचतं, एवढंच ठाऊक. रक्त जोरात वाहावं म्हणून तीन दिवस बीपीची गोळीच घेतली नाही! नर्सबाई दाब बघून ओरडल्याच, काका, परीक्षेला कॉपी करून आलात काय? जिज्ञासा तोंड लपवून हसली. मोजणी आठ दिवस पुढे गेली.

आज झाली. चित्रात लाल तिथं वेग, निळं तिथं संथ. उजवा डोळा बराचसा निळा. गेलेली नजर येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी राखू म्हणाल्या डॉक्टरीणबाई.

तेव्हा आई आठवली. सोनिवलीच्या पडवीत अर्धा चहा कपात ओतायची, अर्धा जमिनीवर. तू तिची नक्कल करायचास, मी पोट धरून हसायचो. ठेचकाळली की म्हणायची, मेला उंबराच रोज पुढं सरकतो. आपण म्हातारपण समजलो. पन्नाशीचीही नव्हती रे ती.

हे रक्ताच्या नात्यात येतं, दुखत नाही, कळतही नाही. भावाला तपासायला सांगा, असं डॉक्टरीणबाई दोन वर्षांपूर्वीच म्हणाल्या होत्या. दर खेपेला विचारतात, सांगितलंत ना? मी मान डोलावतो. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या लेकीच्या, मालिनीच्या लग्नात मला अक्षतांना पुढं बोलावलं नाहीस, तेवढ्यावरून दोन वर्षं गप्प बसलो, कोंडाजी. आज मान हलली नाही. बुधवारी सकाळी नऊला तुझं नाव लिहून आलोय. आठला रिक्षा घेऊन दारात येतो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण रिक्षात बस.

तुझाच थोरला,
दौलत