तिसरा तारा

प्रिय अहो,

फोनवर हे बोलता आलं असतं, पण तुम्ही मध्येच ‘असू दे गं’ म्हणता आणि विषय संपतो. या वेळी तो संपायला नको, म्हणून लिहिते आहे. पत्रात तुम्हाला काय म्हणायचं ते मात्र अजून जमत नाही, तेव्हा अहोच बरं.

घरी सगळं ठीक. धाकटीचा खोकला गेला, हट्ट तेवढा राहिलाय. तुमच्या त्या सरहद्दीवरच्या नाक्यावर धुळीने डोळे चुरचुरतात असं म्हणालात. ट्रकच्या ताडपत्र्या सोडायच्या, माल तपासायचा, पुन्हा बांधायच्या. ही कामं तुम्ही कस्टममध्ये नवे लागलात तेव्हाची. या वयात ती पुन्हा वाट्याला आली माझ्यामुळे, आणि कॉलनीत नाव मात्र तुमचं पडलंय, ‘तीनतारे’. परवा इस्त्रीवाला गठ्ठा देताना ‘हे तीनताऱ्यांचे’ म्हणून गेला आणि मग जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. हल्ली मला ते छान जमतं.

तुम्हाला कधी कळलं नसेल, पण आपल्या कॉलनीत बायकांच्याही खांद्यावर तारे असतात, फक्त दिसत नाहीत. जिन्यात कोणी कोणाला वाट द्यायची, समारंभात कोणी कुठल्या रांगेत बसायचं, सगळं नवऱ्याच्या खांद्यावरून ठरतं. समोरच्या अधीक्षकीणबाई भेटल्या की विचारायच्या, काय हो, अजून दोनच का? तुम्ही ते हसून सोडून द्यायचात. दिवसभर गोदीत पेट्या उघडून लोकांचं खरंखोटं बघणाऱ्याला असल्या बोलण्याचं काय! मला मात्र झोंबायचं. भाजी फोडणीला टाकताना मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायची.

म्हणून तर हेडक्लार्क भाऊजींनी सांगितलं, वहिनी, बढतीचा हुकूम आठवडाभरात आलाच समजा, तेव्हा मला धीर धरवेना. त्याच दुपारी गणवेशाच्या दुकानातून ताऱ्यांची जोडी आणली आणि तुमच्या समारंभाच्या कोटाला दोन्ही खांद्यांवर एकेक टाचला. नवा ओळीत बसेना, म्हणून जुनेही उसवून पुन्हा लावले. हुकूम आला की कोट पुढे करायचा आणि तुमचं तोंड बघायचं, एवढाच बेत होता. अगदी खरं सांगते, तेव्हा एवढाच होता.

पण मोठ्या साहेबांची पाहणी अचानक ठरली. कोट कपाटातून ओढलात, अंगात घालता घालता टोपी शोधत होतात, आरसा धाकटीने अडवला होता. तसेच निघालात. सगळ्या कचेरीसमोर साहेबांनी तुम्हाला थांबवून विचारलं, हा तिसरा कुठून आला? आणि तुम्ही म्हणालात, मीच लावला. न बघता कोट घातला म्हणाला असतात तर ताकीद मिळून सुटला असतात. नसलेला हुद्दा मुद्दाम मिरवला म्हटल्यावर बढती तर गेलीच, होते ते दोन तारेही चौकशीत अडकले आणि निकाल लागेपर्यंत तुमची त्या नाक्यावर रवानगी झाली. बायकोचं हसं होऊ नये म्हणून तुम्ही हे केलंत. घरी आल्यावर मला एवढंच म्हणालात, तू यात पडू नको. आणि मी पडले नाही. एरवी कधी तुमचं एक ऐकलंय का मी?

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. निघताना मी दारात तुमच्या खांद्यावरचा दोरा झटकला होता. तेव्हाच मला तो तारा दिसला. एका हाकेचं काम होतं. पण समोर जिन्यात अधीक्षकीणबाई उभ्या होत्या आणि त्यांची नजर तुमच्या खांद्यावर खिळली होती. हुकूम येणारच आहे, एक दिवस आधी दिसला तर कुठे बिघडलं, असं माझ्या मनात आलं. तुम्ही खाली उतरलात आणि मी त्यांच्याकडे बघून हसले. ते हसू आठवलं की मला माझी किळस येते. अहो, मला फार लाज वाटते. भांडी घासताना वाटते, धाकटीची वेणी घालताना वाटते, आणि ती शाळेतून येऊन विचारते की बाबांनी असं का केलं, तेव्हा तर तोंड कुठे लपवावं कळत नाही.

तुमचा शब्द राखायचा म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला समजावत राहिले. सगळं थोतांड. त्या जिन्यातून मान खाली घालून जावं लागेल याची भीती होती. वर बायका माझी कीव करायला लागल्या, बिचारी, नवऱ्याच्या हौसेपायी भोगतेय म्हणून. जिन्यात आता मला वाट मिळते. आणि मला ती कीव बरी वाटली, हेही लिहून टाकते.

काल शेवटी कचेरीत गेले. मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं, तारे कुठून आणले, कसे लावले, दारात काय बघितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्यासाठी पाणी मागवलं आणि अगदी मायेने म्हणाले, बाई, तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं. चौकशीच्या पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतंत म्हणे, उद्या माझी बायको येईल, सगळं स्वतःवर घेईल, मला वाचवायला ती काहीही बोलेल, तिचं मनावर घेऊ नका. त्यांनी खरंच घेतलं नाही. सोमवारी निकाल आहे आणि माझ्या बोलण्याला तिथे काडीची किंमत उरलेली नाही. तुम्ही सांगितलंत तरच ते मानतील, म्हणून हे पत्र. त्यांना फोन करा, खरं सांगा, माझं हसं होऊ द्या. उद्या माझी बायको येईल, असं म्हणाला होतात तुम्ही. अहो, मला यायला चार महिने लागले.

आहे तशी, तुमचीच